वाळूवरचा सूर्य आणि भिंतीवरची काव

रामनगर समुद्रकाठी वसलेले नाही. बेळगावकडून अनमोड घाटाने गोव्यात उतरणाऱ्या हमरस्त्यावर, जोयडा तालुक्याच्या रानात ते आहे. तथापि समुद्राचे एक चित्र या रस्त्याने घाट चढून येत असते. गोव्याहून परतणाऱ्या प्रवाशांच्या टी-शर्टांवर ते छापलेले असते. क्षितिजावर टेकलेला वाटोळा सूर्य, त्याला आडवे छेदणारे पट्टे, एका अंगास झुकलेला माड, वर कमानीसारखी वळवलेली अक्षरे, आणि या सर्वांवर मुद्दाम उमटविलेले ओरखडे. जणू तो कपडा चाळीस पावसाळे धुतला गेला आहे! बाजारात या प्रकारास ‘व्हिंटेज बीच’ म्हणतात. करमणुकीची वस्तू म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु तिचा धागा आपल्या देवळांच्या भिंतींपर्यंत पोहोचतो. म्हणून तिची थोडी मीमांसा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हे चित्र आज बहुधा संगणकावर, व्हेक्टर पद्धतीने काढतात. या पद्धतीत रंगांचे ठिपके साठविले जात नाहीत. रेषेचे गणित साठविले जाते. कोठे आरंभ, कोठे शेवट आणि मध्ये वळण किती, एवढे संगणकास सांगितले की रेषा सिद्ध होते. म्हणून तेच चित्र तिकिटाएवढे छापा की भिंतीएवढे, त्याची कड फुटत नाही. या वक्ररेषांचे गणित चित्रकारांनी नव्हे, फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत द कास्तेल्झो आणि बेझिए या दोघांनी १९६० च्या आगेमागे बसविले. पुढे १९८७ मध्ये ‘ॲडोबी इलस्ट्रेटर’ आले, आणि २००३ पासून ‘इंकस्केप’ हे विनामूल्य साधनही उपलब्ध आहे. एक वर्तुळ काढावे, त्यातून आडव्या पट्ट्या वजा कराव्यात, माडाची काळी छाया त्यावर ठेवावी, तीनचार रंग भरावेत. सराव असलेल्या हाताला हे अर्ध्या तासाचे काम होय.

परंतु हे रूप संगणकाने निर्माण केलेले नव्हे. त्याचे मूळ शिळाछापात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात झेनेफेल्डरने ती विद्या शोधली. तीत प्रत्येक रंगास स्वतंत्र दगड लागे. रंग वाढला की दगड वाढे, खर्च वाढे. राजा रविवर्मा यांच्या १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या छापखान्याने अनेक दगड वापरून देवदेवतांच्या मुखावरील छायाप्रकाश साधला आणि ती चित्रे आपल्या देवघरांत आली. रेल्वेच्या जाहिरातींचा मार्ग निराळा होता. युरोपात १९२० आणि १९३० च्या दशकांत रोजे ब्रोदेर्स याच्यासारख्या चित्रकारांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याची चित्रे मोजक्या, सपाट रंगांत काढली. निळ्याचा एक पट्टा म्हणजे समुद्र, पिवळ्याचा एक तुकडा म्हणजे ऊन. जे थोडक्यात सांगता येईल तेवढेच सांगावयाचे, असा त्या चित्रांचा धर्म होता. टी-शर्टावर जाळीने छापतानाही प्रत्येक रंगास वेगळी जाळी लागते. त्यामुळे हा संयम तेथेही काही काळ टिकला.

आजच्या नकलेचा दोष येथे दिसू लागतो. तिने त्या जुन्या चित्रांचा संयम उचलला नाही. त्यांची झीज तेवढी उचलली. जुन्या छापावर भेगा पडतात त्या कपडा वापरला गेला म्हणून. रंग विटतो तो उन्हात राहिला म्हणून. ही काळाची सही आहे. संगणकात मात्र ‘जीर्णपणा’ तयार मिळतो आणि एका कळीसरशी नव्या कोऱ्या चित्रावर पसरता येतो. जे चित्र एक दिवसही जगलेले नाही त्याला वार्धक्य चिकटविणे हे शोभेचे कामही म्हणता येईल. परंतु त्याला परंपरा म्हणता येणार नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. हे चित्र कोणत्याच गावाचे नसते. खालचे नाव बदलले की तेच चित्र गोव्याचे होते, तेच कॅलिफोर्नियाचे. आपल्या किनाऱ्यावरची उलांडीची होडी त्यात नाही, रापण ओढणाऱ्यांची रांग नाही, जांभ्याचा तांबडा कडा नाही. लोटलीचे मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांची रेखाचित्रे यांच्याशेजारी ठेवून पाहावीत. त्यांच्याही रेषा स्वच्छ, तीही चित्रे आता कपबशांवर आणि फरशांवर विकली जातात. पण त्यांतील बाजार गोव्याचाच असतो. माणसांच्या बसण्या-उठण्यावरून तो ओळखू येतो. गोकर्णाचा ॐ किनारा तर आपल्या आकारानेच ते अक्षर धारण करतो. तेथील खडकांचे ते वळण डोळे भरून पाहिले तर केवढे चित्र हाती लागेल! त्याऐवजी तयार सूर्यावर तयार ॐ ठेवला जातो आणि काम संपते.

अक्षरांविषयीही हेच म्हणावे लागते. रोमन अक्षरे सुटी असल्यामुळे कमानीवर सहज बसतात. देवनागरीचे तसे नाही. एकेक अक्षर वळणावर तिरपे झाले की शिरोरेषा तुटून दातेरी होते. ती कमानीच्या वळणाने पुन्हा हाताने ओढावी लागते. एवढे कष्ट न घेतल्यामुळे कित्येक फलकांवर देवाचे नावदेखील मोडक्या फळीसारखे दिसते.

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. सपाट रंग, काटेकोर कड, वर्तुळातून उमलणारी फुले, आणि सारे एका रंगाच्या बळावर उभे! ही विद्या आपल्या किनाऱ्यास परकी नाही. गोव्यापासून कारवार, अंकोला, कुमठा, होन्नावरपर्यंतच्या देवळांच्या भिंतींवर जी कावी कला आढळते, तिचे वर्णन याहून वेगळे काय करावे? समुद्राच्या शिंपल्या भाजून केलेला चुना, धुतलेली वाळू आणि गूळ यांचे मिश्रण मुरवून, कुटून भिंतीवर लावीत. त्यावर कावेच्या तांबड्या रंगाचा पातळ थर देत. आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करीत. कंपास आणि पट्टी हीच मुख्य साधने. चूक झाली तर पुसण्याची सोय नाही. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी गावोगाव हिंडून या कलेची नोंद केली, म्हणून तिची आज एवढी तरी ओळख आहे. या भिंतीत किनारा चित्रापुरता नाही. त्याच्या शिंपल्याच चुना होऊन तीत मिसळल्या आहेत.

अशा भिंतींचे आपण काय केले? अनेक ठिकाणी जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्या पाडल्या गेल्या, तैलरंगाखाली गेल्या किंवा चकचकीत फरश्यांआड झाकल्या गेल्या. गळके देऊळ दुरुस्त करू नये असे कोण म्हणेल? देव पावसात भिजू नये हे प्रत्येक भक्तास वाटते. परंतु खरे जुनेपण खरवडून टाकावयाचे आणि खोटे जुनेपण विकत घेऊन अंगावर मिरवावयाचे, ही विसंगती डोळ्यांत सलते. रामनगरच्या वाचकांस हे अधिक सांगावयास नको. काळी नदीवरील सुपा धरणाच्या पाण्यात ज्यांची गावे गेली, त्यांतील कित्येक कुटुंबे येथे येऊन वसली. गेलेली भिंत परत येत नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

म्हणून आमचे म्हणणे या साधनाविरुद्ध नाही. त्याच्या वापराविषयी आहे. जे साधन रेषेचे वळण अचूक धरून ठेवते, ते कावीच्या नोंदीसाठी फार सोयीचे आहे. देवळाचे काम काढण्यापूर्वी समितीने भिंतीची मोजमापे घ्यावीत, समोरून छायाचित्रे काढावीत, आणि गावातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने त्यावरून एकेक फूल, एकेक वेल संगणकावर रेखून ठेवावी. उद्या भिंत राखणे अशक्यच झाले, तरी तिची मापे हाती राहतील, आणि पुढचा कारागीर त्यांवरून पुन्हा ओल्या चुन्यावर हत्यार चालवू शकेल. जत्रेची पत्रिका, स्मरणिकेचे मुखपृष्ठ, फार काय, प्रवाशाचा टी-शर्टही याच दोन रंगांत शोभून दिसेल. मात्र त्यावर ओरखडे पाडू नयेत. ते काळाचे काम आहे, आणि ते काळाकडेच असू द्यावे.