बिग डेटा आणि दोन नुक्ते

‘बिग डेटा’ या जोडशब्दात मला जास्त आवडतो तो ‘बिग’. एरवी ग्रीक-लॅटिनचा सोस असणाऱ्या शास्त्रात इतका घरगुती शब्द! १९९०च्या दशकात सिलिकॉन ग्राफिक्सचे जॉन मॅशे तो भाषणांतून वापरत. १९९७ साली नासातल्या मायकेल कॉक्स आणि डेव्हिड एल्सवर्थ यांनी तो शोधनिबंधात आणला आणि तिथे खरी बहार आहे. माहिती यंत्राच्या मेमरीत मावेना, डिस्कवरही मावेना, की ती बिग. मोठेपणाचं माप असं वाचणाऱ्याच्या कुवतीवर टाकलं. २००१ मध्ये डग लेनी यांनी आकार, वेग, वैविध्य ही त्रिसूत्री दिली. (त्या टिपणात ‘बिग डेटा’ हे शब्द नव्हतेच.) ती परीक्षेला सोयीची, रस मात्र जुन्या व्याख्येत.

तो रस घ्यायचा तर जालना जिल्ह्यातला अंबड तालुका गाठावा. ऑगस्ट २०२३अखेर तिथल्या अंतरवाली सराटीत, मराठ्यांना कुणबी म्हणून आरक्षण मिळावं यासाठी, मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधू लागली. ऑक्टोबरअखेरचा हिशेब असा: कागद तपासले सुमारे पावणेदोन कोटी, नोंदी सापडल्या ११,५३०. आरक्षणाचा वाद इथे नको. मला ओढ आहे ती या दोन आकड्यांमधल्या वाचनाची.

हा मुलूख सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाचा. दफ्तर बरंचसं उर्दूत, काही मोडीत. ‘कुणबी’ उर्दूत कसं उमटतं पाहा. काफ, नून, बे, ये, बस्स. ऱ्हस्व उकार एरवी लिहीतच नाहीत, तो वाचणाऱ्याने पदरचा घालायचा. ‘ण’चं काम नूनवर भागवायचं. शब्दाच्या पोटात नून आणि बे दोघांचाही नुसता दाता उरतो. ओळख पटते ती नुक्त्यावरून, म्हणजे टिंबावरून: नूनचा वर, बेचा खाली. घाईच्या शिकस्ता वळणात नुक्ते खुशाल गळतात. मग हाती राहतो काफचा फटकारा, दोन दाते आणि येची शेपटी. एवढ्यावर जात ओळखायची! मोडीची तऱ्हा निराळी: आधी ओळभर शिरोरेघ, मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरांची धाव, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये फट नाही.

हे वाचू शकणारे मोजकेच. म्हणजे वाचणाऱ्याची कुवत हेच माप धरलं, तर ही दफ्तरं ‘बिग’: ठेवायला कपाटं पुरली, वाचायला डोळे पुरेनात. त्यात जालना जिल्हा १९८१चा. त्याआधी अंबड औरंगाबाद जिल्ह्यात. पणजोबा कुठल्या जिल्ह्याच्या कपाटात बसलेत, हे आधी ठरवा.

२ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयाने कुणबी दाखल्यांसाठी निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटियरला आधार मानलं. गॅझेटियरची गोष्ट मात्र वेगळी. ते बेरीज सांगतं, अमुक जातीचे इतके लोक; कोणाचं नाव सांगत नाही. बेरजेतून मागे जाऊन एकेक माणूस काढता येत नाही, हे डेटावाल्यांना चांगलं ठाऊक असतं. निर्णय लिहिणाऱ्यांनाही ते ठाऊक असावं, कारण त्यांनी एकेका अर्जदाराची चौकशी सोपवली ती गावपातळीवरच्या समितीकडे: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी.