पालक ‘समाधानी’ आहेत, म्हणजे नेमकं काय?

लहान मुलाचा कान दुखायला लागला की अँटिबायोटिक लगेच द्यायचं, की दोन-तीन दिवस वाट बघायची? या प्रश्नावरचा पॉल लिटल आणि सहकाऱ्यांचा पेपर २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. पालकांचं मत मोजताना काय साधतं आणि काय निसटतं, ते त्यात नीट दिसतं.

आधी अभ्यास थोडक्यात. नैऋत्य इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांकडे मधल्या कानाच्या संसर्गासाठी आलेली, ६ महिने ते १० वर्षांची ३१५ मुलं घेतली. यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडले. एका गटाला अँटिबायोटिक लगेच दिलं. दुसऱ्या गटातल्या पालकांना सांगितलं, ७२ तास थांबा, मूल सुधारत नसेल तर प्रिस्क्रिप्शन घेऊन जा.

लगेच औषध घेतलेल्यांचा आजार सरासरी एक दिवस लवकर संपला. पण हा फायदा मुख्यतः पहिल्या २४ तासांनंतरचा, म्हणजे त्रास कमी व्हायला लागल्यावरचा. जुलाब मात्र १९ टक्के मुलांना झाले, थांबलेल्या गटात ९ टक्के. थांबलेल्या १५० पैकी फक्त ३६ मुलांच्या पालकांनी अँटिबायोटिक वापरलं, आणि ७७ टक्के पालक ‘अतिशय समाधानी’ होते.

आता इथे थांबा. समाधानी कशाबद्दल? डॉक्टरांनी समजावून सांगितलं म्हणून, की मूल बरं झालं म्हणून? लक्षणं सरासरी तीन दिवसांत जातातच. मूल खेळायला लागल्यावर कुणीही समाधानीच असणार! शिवाय सारांशात ७७ टक्के हा एकाच गटाचा आकडा आहे. तुलनेशिवाय तो मोठा की छोटा, कसं ठरवणार? म्हणून सारांशावर न थांबता तक्ते उघडायचे.

दुसरं, बेरीज करून बघा. जुलाबाच्या आकड्यांत एका गटात १५० मुलं आहेत, दुसऱ्यात १३५. म्हणजे २८५. उरलेल्या ३० घरांचं मत काय होतं? नाराज माणूस फॉर्म भरून देईलच असं नाही.

तरीही माझ्या मते या पेपरचं खरं मोल एका कमी चर्चिलेल्या निष्कर्षात आहे. थांबलेल्या गटातल्या कमी पालकांना अँटिबायोटिक परिणामकारक वाटलं, आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे जायलाच हवं असंही कमी जणांना वाटलं. गट यादृच्छिक असल्यामुळे हा फरक बहुतांशी डॉक्टरांच्या वागण्यातून आला असं म्हणता येतं. ‘पालकच औषध मागतात, आम्ही काय करणार’ हे वाक्य मग अर्धवट ठरतं. मागणी काही अंशी प्रिस्क्रिप्शननेच तयार होते.

मात्र रात्री दोनला मूल रडत असताना पालकांनी कशाच्या बळावर वाट बघितली, हे टक्केवारी सांगत नाही. त्यासाठी मुलाखतीच हव्यात. आणि हा निष्कर्ष जसाच्या तसा महाराष्ट्राला लावू नका. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत असेल, तर ‘७२ तास थांबा’ या सूचनेचा अर्थच बदलतो.

तुमच्या प्रश्नावलीत ‘तुम्ही समाधानी आहात का?’ असा प्रश्न असेल, तर त्यापुढे आजच दोन गोष्टी लिहा: कशाबद्दल, आणि कधी विचारणार.