वॉल्डनकाठचा घेवडा आणि जॉन फील्डची चूल

दुर्गाबाई भागवत यांनी हेन्री डेव्हिड थोरोचे ‘वॉल्डन’ मराठीत आणले ते १९६५ साली. ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ हे त्यांनी ग्रंथाला दिलेले नाव. साठ वर्षे उलटली तरी साध्या राहणीचा विषय निघाला की सुशिक्षित मराठी घरांत प्रथम याच पुस्तकाचे नाव घेतले जाते. नाशिक परिसरातील आमच्या धर्मग्रामांतही आता हा विषय वारंवार निघतो. नोकरीतून निवृत्त झालेल्या कित्येक कुटुंबांना गावाकडच्या वाटणीच्या तुकड्यावर आपली भाजी, आपले धान्य आपण पिकवावे, गरजा आवराव्या आणि स्वस्थचित्ताने प्रभूचे स्मरण करावे, अशी ओढ लागली आहे. ही ओढ मंगल आहे. म्हणूनच तिला वाट दाखवणारा हा ग्रंथ पुन्हा एकदा नीट पारखून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

ग्रंथाची हकीगत थोडक्यात अशी. ४ जुलै १८४५ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, थोरो अमेरिकेतील काँकर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी राहावयास गेला. जमीन त्याचा स्नेही इमर्सन याची. झोपडी त्याने स्वतः बांधली. तिला खर्च आला २८ डॉलर १२½ सेंट. सुमारे अडीच एकर जमीन करून त्याने मुख्यतः पांढरा घेवडा लावला. पहिल्या वर्षी शेतीचे उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट, खर्च १४ डॉलर ७२½ सेंट, शिल्लक ८ डॉलर ७१½ सेंट. ६ सप्टेंबर १८४७ रोजी त्याने तळे सोडले आणि १८५४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.

या हिशेबातच ग्रंथाचे खरे सामर्थ्य आहे. साध्या राहणीवर प्रवचन करणारे पुष्कळ. खिळ्यांचा आणि चुन्याचा जमाखर्च वाचकापुढे ठेवणारा विरळा. पापनिवेदनापूर्वी भाविकाने आपले अंतःकरण तपासावे, त्या कठोरपणे थोरो आपल्या गरजा तपासतो. एखादी वस्तू मिळवण्यासाठी आयुष्याचे किती दिवस मोजावे लागले, हा त्याचा प्रश्न आजच्या हप्त्यांच्या युगात अधिकच बोचतो. शिवाय तो अनुभवातून शिकतो. दुसऱ्या वर्षी त्याने केवळ एकतृतीयांश एकर, म्हणजे आपल्या भाषेत तेरा-साडेतेरा गुंठेच जमीन कुदळली आणि आदल्या वर्षीपेक्षा बरे साधले, असे तो नमूद करतो. जमिनीचा हव्यास हीही एक चैन असू शकते, ही त्याची शिकवण मोलाची आहे.

थोरोवर एक स्वस्त टीका नेहमी होते. तो अधूनमधून गावात आईच्या घरी जेवावयास जाई, मग कसले हे स्वावलंबन, अशी ती टीका. आम्हांस तीत अर्थ दिसत नाही. आईच्या हातचे जेवण कोणाच्या साधेपणाला बाधत नाही. पिकवलेला घेवडा विकून त्याने तांदूळ घेतले, यातही दोष नाही. ग्रंथातील खरा दोष अन्यत्र आहे, आणि तो शोधण्यासाठी ‘बेकर फार्म’ हे छोटे प्रकरण वाचावे लागते.

मासे धरावयास निघालेला थोरो पावसात सापडतो आणि एका गळक्या झोपडीत आसरा घेतो. तेथे जॉन फील्ड नावाचा आयरिश मजूर बायको व लेकरांसह राहत आहे. एका शेतकऱ्याची दलदलीची जमीन तो एकरी दहा डॉलर मजुरीने खणून देतो. मोबदल्यात ती जमीन वर्षभर कसण्याची मुभा. त्या घरात कोंबड्यादेखील पावसाच्या भयाने आत आलेल्या. आणि आसऱ्याला आलेला हा ब्रह्मचारी पाहुणा यजमानाला सांगू लागतो की, मी चहा, कॉफी, लोणी, दूध, मांस घेत नाही, म्हणून मला तुझ्यासारखे राबावे लागत नाही. तूही ते सोड. निघताना तो पाणी मागतो. विहिरीचा दोर तुटलेला, बादली आत पडलेली. तरी घरच्यांनी कसेबसे पाणी दिले. त्याने डोळे मिटून ते प्यायले. पुढे आयरिश माणसाचे दारिद्र्य वंशपरंपरेचेच, अशा अर्थाचा शेरा मारून तो प्रकरण संपवतो.

सन १८४५ मध्ये, ज्या वर्षी थोरोने कुदळ हाती घेतली, त्याच वर्षाच्या शरदात आयर्लंडमधील बटाट्यावर करपा पडला. नाशिकच्या शेतकऱ्याला हा शत्रू परका नाही. टोमॅटोवर येणारा उशिराचा करपा याच रोगजंतूमुळे पडतो. आयर्लंडच्या लक्षावधी कुटुंबांजवळ खंडाने घेतलेला इवलासा तुकडा होता. त्यावर ती स्वतःचे अन्न स्वतः पिकवीत, अत्यंत साधी राहत. मात्र तुकडा इतका लहान आणि खंड इतका भारी की, बटाटा या एकाच पिकावर पोट भरणे भाग होते. ते पीक गेले आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली. तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. या काळातही आयर्लंडमधून धान्य बाहेर जातच होते. जॉन फील्ड त्या दुष्काळापूर्वी निघाला की नंतर, हे ग्रंथात नाही. पण तो आला त्या मातीतून. ज्या राहणीचा उपदेश त्याला पाहुणा करत होता, तिची सक्ती त्याच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली होती. त्याच्या लेखी चहा-लोणी ही चैन नव्हती. उपाशी देशातून सुटल्याची ती खूण होती.

थोरोच्या झोपडीच्या फळ्यादेखील अशाच एका आयरिश मजुराच्या होत्या. रेल्वेवर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्सची खोपटी त्याने ४ डॉलर २५ सेंटला विकत घेतली; ते कुटुंब दुसऱ्या दिवशी पहाटे आपले गाठोडे घेऊन निघून गेले. कोठे गेले, हे ग्रंथ विचारीत नाही. येथे थोरोला न्याय देणेही अगत्याचे आहे. ‘पूर्वीचे रहिवासी’ या प्रकरणात त्याच रानात राहून गेलेल्या मुक्त गुलामांची व गोरगरिबांची नावे तो आस्थेने नोंदवतो आणि त्यांची वस्ती का टिकली नाही, असा प्रश्नही करतो. पण तो प्रश्न जॉन फील्डच्या चुलीपाशी त्याला सुचत नाही.

हे सारे दूरदेशीचे नव्हे. पेठ-सुरगाण्याचे आदिवासी बांधव राब भाजून रोपे करतात, डोंगरउतारावर नागली-वरई पिकवतात, अल्पात राहतात. पावसाळी पीक घरात आले की तेच घाट चढून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला येतात. गिरणाऱ्याला सकाळी मजुरांचा बाजार भरतो. स्वतःच्या अन्नापुरती शेती त्यांना कोणी शिकवावयास नको. त्यांना हवे आहे उन्हाळ्यातील पाणी, मुलांची शाळा आणि औषधाला पैसा. अशा घरातील माणसाला साधेपणाचा महिमा ऐकवणे म्हणजे जॉन फील्डच्या गळक्या छपराखाली बसून त्याचा चहा मोजणे होय.

म्हणून ‘वॉल्डन’च्या जोडीला श्रीपाद अच्युत दाभोळकर यांचे ‘विपुलाच सृष्टी’ ठेवावे, अशी आमची शिफारस आहे. दाभोळकर (१९२४–२००१) मूळचे गणिताचे अध्यापक. ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे त्यांनी तासगावच्या द्राक्षबागायतदारांना एकमेकांचे गुरू केले, आणि पाच जणांचे कुटुंब दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, समाधानाने जगू शकते, असे मांडले. थोरो सेंट मोजतो. दाभोळकर पानावर पडणारे ऊन मोजतात. थोरोची शेती एकट्याची, बहुतांशी एका पिकाची. दाभोळकरांची कुटुंबाची, अनेक पिकांची आणि एकमेकांस ज्ञान वाटणाऱ्या शेजाऱ्यांची. त्यांचे लेखन थोरोइतके रसाळ नाही. परिभाषेची वाट चढावी लागते. दहा गुंठ्यांचा आदर्श कोरडवाहू डोंगरावर जसाच्या तसा उतरेल, असेही आम्ही म्हणणार नाही. पण त्यांचे पुस्तक गरिबाला कमी करावयास सांगत नाही. त्याच्या हाती अधिक कसे येईल, हे शोधते.

पवित्र शास्त्राची दृष्टीही हीच आहे. लेवीय ग्रंथाच्या १९ व्या अध्यायातील आज्ञेनुसार शेताच्या कडा कापावयाच्या नाहीत आणि द्राक्षमळ्यात गळालेली फळे वेचावयाची नाहीत. ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राखावयाची. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली ती याच रीतीमुळे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीची हानी आणि गरिबांची व्यथा हा एकच प्रश्न मानला, त्याचेही मूळ येथेच आहे. मी काय सोडले, याचा हिशेब थोरोने उत्तम शिकवला. माझ्या शेताच्या कडेला कोणासाठी काय उरले, हे खाते त्याच्या वहीत नाही.

दुर्गाबाईंनी मराठीला दिलेला हा ग्रंथ घरोघरी असावा, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. ज्यांना आपल्या तुकड्यावर वाफे करावयाचे आहेत त्यांनी तो अवश्य वाचावा. मात्र ‘बेकर फार्म’ हे प्रकरण कुटुंबात मोठ्याने वाचावे आणि जॉन फील्डच्या बायकोने त्या पाहुण्याला काय उत्तर दिले असते, हे मुलांना विचारावे. पहिली भाजी निघेल तेव्हा बागेतून मजुरी करून परतणारे कोणी वाटेवर असेल, तर तिचा एक वाटा त्यांच्या पिशवीत जावा.