मदतगीतातला गळा कोणाचा?

२८ जानेवारी १९८५ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये चाळीसहून अधिक गायकांनी इथिओपियातल्या दुष्काळासाठी ‘वी आर द वर्ल्ड’ ध्वनिमुद्रित केलं. त्यातून सहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार रचनेबद्दल आहे. एकेक ओळ एकेका प्रसिद्ध गळ्याला वाटून दिलेली. श्रोता आवाज ओळखण्यात रमतो, आणि ज्याच्यासाठी गायचं त्याचा स्वतःचा आवाज कुठेच येत नाही.

मराठीत जवळचं उदाहरण कौशल इनामदारांच्या अभिमानगीताचं (२०१०). सुरेश भटांच्या कवितेला शेकडो गळे लाभले. पैशाची दिशा मात्र उलटी: श्रोत्यांनी वर्गणी दिली, म्हणून गाणं झालं. मला हे अधिक प्रामाणिक वाटतं, कारण इथे गाणारे आणि ज्यांच्यासाठी गायलं ते, दोघांची भाषा एकच.

आमच्या नंदुरबारात ती सोय नाही. धडगाव-अक्कलकुव्यातली घरं भिली, पावरी बोलतात. इथल्या कुपोषणावर उद्या मुंबईत मदतगीत निघालं, तर रोडाली गाणाऱ्या बाईला त्यात एक अख्खी ओळ मिळेल, की मागे वाजणारा ढोल तेवढा आमचा?