मलाक्क्याचा मुन्शी आणि येणारे-जाणारे

प्रवासवर्णन हातात आले की आम्ही आधी एकच गोष्ट शोधतो: लेखक त्या गावात किती दिवस राहिला? प्रस्तावना, छायाचित्रे, अर्पणपत्रिका हे सारे नंतर. मुक्काम किती, कुणाच्या घरी, आणि तिथली भाषा कितपत येत होती, एवढे कळले की पुढची दोनशे पाने कशी असणार याचा बराचसा अंदाज येतो. हा निकष सरसकट लावू नये, असे आमचे एक प्राध्यापक मित्र म्हणतात. तरीही आम्ही तो या लेखात लावणार आहोत, आणि तोही एकाच गावाला.

गाव मलाक्का. आज मलेशियात आहे, नकाशावर ‘मेलाका’ असे लिहितात. क्वालालंपूरहून बसने दोन-अडीच तासांत पोचता येते. मलाय द्वीपकल्प आणि सुमात्रा यांच्यामधल्या सामुद्रधुनीला याच गावाचे नाव आहे. पंधराव्या शतकात इथे सुलतानांचे राज्य होते, 1511 साली पोर्तुगीज आले, 1641 साली डच, आणि 1824 च्या तहानंतर गाव इंग्रजांकडे कायमचे गेले. या इतिहासापेक्षा आम्हाला वाऱ्याचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. पश्चिमेची गलबते नैऋत्येच्या वाऱ्यावर येत आणि ईशान्येचा वारा सुटल्याशिवाय परतू शकत नसत. चीनकडच्या गलबतांचे नेमके उलट. म्हणजे आलेल्या माणसाला वारा फिरेपर्यंत मलाक्क्यात राहणे भागच होते. राहिला की तो घर भाड्याने घेई, उधारी करी, भांडे, लग्न करी, मशीद किंवा देऊळ बांधी. आजच्या प्रवाशाला वाऱ्याची गरज नाही. तो सकाळी येतो, लाल चौकात फोटो काढतो, जोंकर रस्त्यावर चेंदोल खातो, फुलांनी मढवलेल्या सायकलरिक्षात कर्कश गाणी ऐकत एक फेरी मारतो आणि संध्याकाळची बस पकडतो. मग लिहितो: छान गाव, एक दिवस पुरेसा.

पुरेसा कशाला, हा आमचा प्रश्न आहे.

जुन्यांपासून सुरुवात करू. मा हुआन हा चिनी मुसलमान, झेंग हच्या आरमारासोबत दुभाषा म्हणून आलेला. त्याची नोंद थोडक्यात आहे. राजा आणि रयत इस्लाम पाळतात, रोजे ठेवतात. जमीन नापीक, कथील मिळते. आणि वाघ माणसाचे रूप घेऊन बाजारात शिरतो. वाघाची गोष्ट वाचून लोक हसतात. आम्हाला मात्र तिथेच त्याच्यावर विश्वास बसला. गावकऱ्यांनी रात्री सांगितलेली गोष्ट त्याने ऐकली आणि खोटी म्हणून गाळली नाही.

आता आपला माणूस. अहमद इब्न माजिद, पंधराव्या शतकातला अरबी नाखवा, समुद्रविद्येत त्याच्या तोडीचा दुसरा नाही. खडक, वारे, तारे यांच्याबद्दल त्याचा शब्द न् शब्द तोलून लिहिलेला. पण मलाक्क्याच्या माणसांवर आला की त्याचा तोल जातो. हे लोक बाजारात दारू पितात, काफिराशी लग्न लावतात, तलाकाला धर्माचा विषय समजत नाहीत, यांना काही रीतच नाही, असा त्याचा सूर. आमच्या काही वाचकांना हे आवडणार नाही. पण परमुलखातल्या मुसलमानाला ‘कच्चा’ ठरवण्याची हौस फार जुनी आहे, आणि ती फक्त इंग्रजांना होती असे समजू नये.

तोमे पिरेस पोर्तुगीज, धंद्याने औषधी विकणारा. 1512 ते 1515 तो मलाक्क्यात होता, म्हणजे शहर लुटले गेले त्याच्या दुसऱ्याच वर्षापासून. जिंकणाऱ्यांचा हिशेबनीस म्हणून आलेला हा माणूस. पण त्याचा ‘सुमा ओरिएंताल’ वाचताना खुर्चीतून उठवत नाही. बंदरात चौऱ्याऐंशी भाषा बोलल्या जातात, असे तो नोंदवतो. चार शाहबंदर (हा फारसी शब्द तिथपर्यंत पोचला होता!), त्यातला एक निव्वळ गुजरात्यांसाठी. आणि व्यापाऱ्यांच्या त्या लांबलचक यादीत कैरो, मक्का, एडन, होर्मुझ करत करत तो खाली येतो तेव्हा चौल येते, दाभोळ येते, गोवा आणि दख्खनचे राज्य येते. चौल! आमच्या शाळेपासून एसटीने तासाभरावर. पुस्तक मिटून आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. मात्र पिरेसची उणीवही इथेच आहे. चौऱ्याऐंशी भाषा तो मोजतो, पण त्या भाषांमधून कोण काय बोलत होते, ते तो क्वचितच सांगतो. चौलच्या माणसाने किती कापड आणले ते कळते. तो घरी केव्हा परतणार होता, ते कळत नाही.

मग आल्फ्रेड रसेल वॉलेस. निसर्गविज्ञानात डार्विनच्या शेजारी ज्याचे नाव घेतात तोच. 1854 च्या पावसाळ्यात तो मलाक्क्यात आला, आसपासच्या रानात पाखरे आणि किडे गोळा करत हिंडला, आणि गुनुंग लेदांगवर, त्याच्या भाषेत माउंट ओफिरवर, चढला. हा भाग अव्वल दर्जाचा आहे. रानात आर्गस या मोठ्या तित्तराची हाक ऐकू येते, पक्षी काही दिसत नाही. बरोबरच्या म्हाताऱ्या मलाय शिकाऱ्याला तो मारून आणायला सांगतो. म्हातारा म्हणतो, वीस वर्षे या रानात शिकार करतोय, मारला तर नाहीच, पण फासात सापडलेला सोडून कधी पाहिलाही नाही. वॉलेस हे मोकळेपणाने लिहितो. न दिसलेल्या पक्ष्याबद्दल एवढी अदब!

हीच अदब माणसांच्या बोलीबाबत कुठे जाते? मलाक्क्यात पोर्तुगिजांचे वंशज होते; त्यातले दोघे वॉलेसच्या चाकरीत, एक स्वयंपाकाला, दुसरा पाखरे सोलायला. म्हणजे त्यांचे बोलणे रोज कानावर. त्यावर त्याचा निकाल असा, की यांनी पोर्तुगीज भाषेची दैना केली आहे. क्रियापदाला रूपे उरली नाहीत, एकच रूप सगळ्या काळांना आणि सगळ्या पुरुषांना चालते. विशेषणाचे लिंग आणि वचनही गेले. दोन-चार ओळींत विषय संपवून तो पुढे निघतो.

इथे आम्ही शिक्षक म्हणून बोलतो. ती भाषा क्रिस्तांग. ती आजही मलाक्क्यात जिवंत आहे, बोलणारे थोडे उरले असले तरी. तिच्यात क्रियापद बदलत नाही हे खरे. पण त्याच्या आधी एक छोटा शब्द येतो. ‘जा’ आला तर काम झालेले, ‘ता’ आला तर चालू, ‘लोगु’ आला तर व्हायचे. ‘येउ जा बाइ’ म्हणजे मी गेलो, ‘येउ लोगु बाइ’ म्हणजे मी जाईन. काळ हरवलेला नव्हता, एक घर सोडून बसला होता. पाखराच्या पंखावरचा ठिपका टिपणाऱ्या माणसाला ‘जा’ आणि ‘ता’ मधला फरक ऐकू आला नाही, कारण तो ऐकतच नव्हता, तपासत होता. आणखी एक गंमत. विशेषणाला लिंग आणि वचन नाही, अशी तक्रार करणारा हा गृहस्थ ज्या इंग्रजीत ती लिहितो, तिच्या विशेषणांना तरी ते कुठे आहे?

वॉलेसला नावे ठेवणे सोपे आहे. आम्ही गेली नऊ वर्षे उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमची मुले घरी कोकणी बोलतात, बाजारात मराठी, वर्गात उर्दू. सहावीतल्या एका मुलाने निबंधात ‘मेरेको नको’ असे लिहिले होते. आम्ही लाल शाईने गोल केला आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. सगळे हसले. तोही हसला, त्यानंतर मात्र बरेच दिवस त्याने निबंधाची वही दिलीच नाही. बी.एड.च्या परीक्षेत ‘मातृभाषेचे महत्त्व’ हा प्रश्न आला होता आणि आम्ही तो पुरवणी जोडून लिहिला होता! दख्खनीत ‘नक्को’ कित्येक पिढ्या नांदतो आहे, हेही आम्हाला ठाऊक होते. वॉलेसचे ते पान वाचताना आम्हाला ती लाल शाई आठवली, म्हणून हा लेख लिहायला घेतला, हे कबूल केलेले बरे.

इसाबेला बर्डबाईंकडे फार वेळ थांबण्याचे कारण नाही. 1879 च्या जानेवारीत त्या आल्या, डचांच्या जुन्या स्टॅडहाइसमध्ये उतरल्या, बहिणीला पत्रे लिहिली, आणि 1883 साली त्याचे पुस्तक झाले. भाषा चुरचुरीत आहे. पण मलाय येत नसल्याने त्यांचा मलाक्का बहुतेक इंग्रज अंमलदारांच्या तोंडून आलेला. गाव पेंगते आहे, काळ थांबला आहे, हाच ठेका. पुढे सतराच वर्षांनी, 1896 साली, मलाक्क्याच्याच तान चाय यान या बाबा-चिनी गृहस्थाने रबराची व्यापारी लागवड सुरू केली आणि साऱ्या मलायाचे अर्थकारण पालटू लागले. पेंगणारे गाव होते की पाहुणीला दुपारी झोप लागली होती, हे वाचकांनी ठरवावे.

आता ज्याच्यासाठी एवढे पाल्हाळ लावले तो माणूस. अब्दुल्ला बिन अब्दुल कादिर, जन्म 1796, मलाक्का. पणजोबा येमेनचा अरब, दक्षिण हिंदुस्थानात येऊन तमिळ बाईशी लग्न केलेला. पुढची पिढी मलाक्क्यात. अब्दुल्ला तमिळ शिकला, अरबी शिकला, आणि मलाय तर अशी, की इंग्रज साहेब आणि पाद्री ती त्याच्याकडून शिकले. किल्ल्यातल्या हिंदुस्थानी शिपायांना तो कुराण शिकवी आणि त्यांच्याकडून हिंदुस्थानी शिकला. त्याला ‘मुन्शी’ म्हणायला सुरुवात केली ती या शिपायांनीच. सिंगापुरात 1849 साली शिळाप्रेसवर छापलेला त्याचा ‘हिकायत अब्दुल्ला’ जावी लिपीत आहे. आम्हाला मलाय येत नाही, भाषांतरावरच भिस्त. तरी मूळ पानाचे एक चित्र मिळाले ते आम्ही सहज वाचत गेलो: ‘अलिफ’, ‘लाम’, ‘चे’ सगळे ओळखीचे. अर्थ शून्य! आणि ‘प’ आला तिथे अडखळलो. आपण ‘बे’खाली तीन नुक्ते देतो, त्यांनी ‘फे’च्या डोक्यावर दिले आहेत. आपल्या मुलाने असे लिहिले असते तर आम्ही गोल केला असता.

या पुस्तकातला 1807 चा प्रसंग वाचाच. गाव कधीतरी डचांना परत द्यावे लागणार, तेव्हा मजबूत किल्ला कशाला ठेवायचा, म्हणून इंग्रजांनी तो पाडायला काढला. अब्दुल्ला तेव्हा अकरा वर्षांचा. आधी मजूरच मिळेनात. भिंतीत जिन्न-भुते राहतात अशी भीती. मजुरी वाढवली, कुदळी चालल्या, तरी दगड हलेना. मग सुरुंगाची दारू. घराएवढे चिरे उडून समुद्रात पडले. वॉलेस किंवा बर्डबाई यांना दिसले असते ते भग्नावशेष, आणि भग्नावशेष सुंदर असतात. अब्दुल्लाने भिंत उभी असताना पाहिली होती, तिच्या सावलीत वाढला होता. गावाची शोभा गेली हे दुःख त्याच्याच लेखणीतून येऊ शकते. पुढे 1808 मध्ये प्रकृतीसाठी आलेल्या रॅफल्सने उरलेले वाचवण्याची शिफारस केली. आज प्रवासी ज्या एकट्या कमानीखाली फोटो काढतात ती सान्तियागोची वेस त्यातून उरली. फोटोखाली 1511 लिहितात. 1807 कुणी लिहीत नाही.

मात्र मुन्शींची आरती ओवाळायची नाही. मलाक्का सोडून तो आसपासच्या मुलखात निघतो, उदाहरणार्थ 1838 च्या केलंतान सफरीत, तेव्हा तोही वॉलेस होतो, किंबहुना शाळामास्तर होतो, जे जास्त वाईट. रस्ते घाण, पोरे उनाड, राजे आळशी आणि जुलमी, आणि कंपनी सरकारच्या राज्यात बघा कसे सगळे चोख! राजांवरची त्याची टीका बरीचशी खरी असावी. पण किल्ला कुणी उडवला, याचा त्याला या सफरीत पत्ताच नसतो. इंग्रजांची कारकुनी करून मोठा झालेला माणूस इंग्रजांच्या चष्म्याने पाहू लागतो, यात नवल नाही. चष्मा घरी विसरतो तेव्हा तो थोर लेखक असतो.

1854 च्या सुरुवातीला अब्दुल्ला हजला निघाला आणि परत आला नाही. त्याच वर्षी त्याचा इंतकाल झाला. तो गेला, आणि काही महिन्यांनी वॉलेस मलाक्क्यात उतरला. ‘जा’ आणि ‘ता’ समजावून सांगू शकणारा मुन्शी गावात नव्हता.

2008 साली मलाक्का जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यानंतरची प्रवासवर्णने आम्ही जमेल तशी वाचतो. एकाच गल्लीत 1748 ची काम्पुंग क्लिंग मशीद, विनायकाचे देऊळ आणि चिनी मंदिर, हे सगळेच लिहितात आणि सलोख्यावर एक परिच्छेद खर्ची घालतात. मशिदीचा मिनार पॅगोड्यासारखा का, हे मशिदीत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारून लिहिलेले आम्हाला अजून सापडायचे आहे. उजोंग पासिरच्या पोर्तुगीज वस्तीत लोक मासे खायला जातात. समुद्रात भराव पडत गेला आणि कोळ्यांपासून पाणी लांब गेले, हे ताटात दिसत नाही.

मलाक्का आम्ही पाहिलेले नाही. शिक्षकाच्या पगारात आणि सुट्टीत बसत नाही. त्याऐवजी एका रविवारी रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. चौलच्या समोर, खाडीपलीकडे. तिथेही पोर्तुगिजांच्या मागे राहिलेली एक बोली आहे. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. शब्द पोर्तुगीज, पण आपल्या मराठीच्या सहवासात क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसलेले. क्रिस्तांगची ही लांबची बहीणच. चर्चजवळ सुकी मासळी पाखडत बसलेल्या एका मावशींना आम्ही विचारले, तुमच्या भाषेत ‘मी गेलो’ आणि ‘मी जातो’ वेगळे कसे म्हणता? त्यांनी दोन-तीनदा म्हणून दाखवले. आम्ही म्हणून पाहिले, जमले नाही. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, “मास्तर, तुमची मराठी पण उर्दूसारखीच येते की.”