डब्यावरचे वाङ्मय

मराठी समीक्षकांनी एका वाङ्मयप्रकाराची घोर उपेक्षा केली आहे: इंजिन ऑइलचा डबा! पावण्याच्या एमआयडीसीतून जाता-येता मी तो आवडीने वाचतो. दर्शनी बाजू म्हणजे निव्वळ काव्य. वेग काय, ज्वाळा काय! अर्थ मागच्या बारीक टायपात. ‘२०डब्ल्यू-४०’मधला डब्ल्यू हिवाळ्याचा, पावण्याला तो कधी आला म्हणा! ४० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला उरणाऱ्या दाटपणाची प्रत सांगतो. मोटारसायकलवाल्याने मात्र ‘जासो एमए’ ही अक्षरे पाहावीतच. तिचा क्लच बहुधा त्याच तेलात बुडालेला असतो; मोटारीचे जादा निसरडे तेल ओतले, तर तो घसरायचा. खरा अभिजात ग्रंथ एकच: गाडीबरोबर फुकट मिळालेले पुस्तक. कुठले तेल, किती, कधी, सगळे त्यात आहे. म्हणूनच ते कुणी उघडत नाही!