शून्य लांबीची नोंद

लॅपटॉपला थंडरबोल्टची केबल जोडली की पलीकडचा डॉक आधी स्वतःची ओळख सांगतो. मी कोण, कोणत्या कंपनीचा, मला किती पोर्ट. हे सगळं त्याच्या आतल्या एका छोट्या चिपवर लिहिलेलं असतं. लिनक्समध्ये ते वाचून घेणारा कोड कर्नलच्या थंडरबोल्ट फोल्डरात, ‘ईप्रॉम’ नावाच्या फाइलमध्ये आहे. तासाभरात वाचून होईल एवढी ती फाइल आहे, आणि तिचा विषय एकच आहे: परक्याच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा.

चिपवरच्या नोंदी एकापाठोपाठ एक लिहिलेल्या असतात. प्रत्येक नोंद सुरुवातीलाच स्वतःची लांबी सांगते. कोड ती लांबी मोजून पुढच्या नोंदीवर जातो. पण त्याआधी एक ‘इफ’ आहे, त्यात तीन शंका आहेत. शेवटी एकच बाइट उरलाय का? नोंद आपल्या हद्दीबाहेर जातेय का? आणि लांबी शून्य तर नाही ना?

पहिल्या दोन कुणालाही सुचतील. तिसरी मला फार आवडते. लांबी शून्य आली तर लूप पुढे किती सरकणार? शून्य. त्याच नोंदीवर पुन्हा, पुन्हा, कायमचा. एका उद्गारचिन्हाने ही शंका लिहिली आहे. भराभर स्क्रोल करणाऱ्याला ती दिसणारही नाही. ड्रायव्हरचा कोड तपासताना प्रत्येक आकड्यापाशी विचारायचा प्रश्न हाच: हा आकडा लिहिला कोणी? आपण, की केबलच्या पलीकडच्याने?

त्याच फाइलमध्ये दोन चेकसम तपासले जातात. उपकरणाच्या ओळख क्रमांकाचा चेकसम जुळला नाही, तर लॉगमध्ये ‘अबॉर्टिंग’ असं लिहून कोड थांबतो. बाकीच्या माहितीचा जुळला नाही, तर ‘कंटिन्यूइंग’ असं लिहून पुढे जातो. पहिल्यांदा वाचताना हा ढिलेपणा वाटतो. मला मात्र तो बरोबर वाटतो. चेकसम अपघात पकडतो, लबाडी नाही. लबाड माणूस खोटी माहिती लिहून तिचा चेकसमही नीट काढून ठेवेल. त्याला अडवतो तो वरचा ‘इफ’. चेकसमपाशी हटून बसलं तर अडकेल तो निष्काळजीपणे बनवलेला, पण प्रामाणिक डॉक. तक्रार एकच: हे कारण सांगणारी एक ओळीची कॉमेंट तिथे हवी होती. उद्या कुणीतरी उत्साहाने ‘कंटिन्यूइंग’चं ‘अबॉर्टिंग’ करेल आणि रिव्ह्यू करणारा मान डोलावेल.

या ड्रायव्हरची सुरुवात २०१४ मध्ये, लिनक्स ३.१७ पासून झाली. आंद्रेआस नोएवर यांनी तो ॲपलच्या मॅकसाठी लिहिला, तोही थंडरबोल्टची कागदपत्रं खुली नसताना. इंटेलचा सहभाग नंतरचा. अंधारात चाचपडत लिहिलेला कोड जास्त संशयी असतो का? असावा, असं ही फाइल वाचून वाटतं.

पण दारावरचा पहारेकरी कितीही चोख असला, तरी आत आलेला पाहुणा घरभर फिरणार असेल तर काय उपयोग? थंडरबोल्टवरून पीसीआय एक्सप्रेस चालतं. म्हणजे बाहेरचं उपकरण प्रोसेसरला न विचारता थेट मेमरी वाचू-लिहू शकतं. वेग त्यातूनच येतो. त्याला आवर घालायला आयओएमएमयू नावाचं हार्डवेअर असतं. २०१९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत ‘थंडरक्लॅप’ हे संशोधन मांडलं. त्यांचं उपकरण साध्या नेटवर्क कार्डाचं सोंग घ्यायचं. लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत आयओएमएमयू मुळात चालूच नव्हतं. जिथे होतं, तिथेही ‘पत्ता मी आधीच तपासलाय’ असं उपकरणाने म्हणायची एक सोय होती, आणि यंत्रणा ते खरं मानायची! लिनक्स ५.० मध्ये बाहेरच्या पोर्टमागची उपकरणं अविश्वासू ठरली आणि त्यांची ती सोय काढून घेतली गेली.

यात ‘ईप्रॉम’ फाइलचा दोष काहीच नव्हता. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्येही कुणी नवी चूक केली नव्हती. तो कोड लिहिणाऱ्यांनी कार्ड खोक्याच्या आत, स्क्रूने बसवलेलं आहे असं धरलं होतं, आणि तेव्हा ते खरंच होतं. पुढे पोर्ट खोक्याबाहेर आलं. कोडच्या ओळी त्याच राहिल्या, त्यांचा अर्थ बदलला. बदललेल्या ओळी दाखवणारा रिव्ह्यू इथे आंधळा असतो, कारण बदललेली ओळ कुठेच नसते.

आणखी एक गोष्ट या वाचनात खटकते. आयओएमएमयू परवानगी देतं ती पानागणिक, सहसा ४०९६ बाइटांचं एक पान. नेटवर्कचं नेहमीचं पॅकेट साधारण १५०० बाइटांचं. उरलेल्या पानावर दुसऱ्याच कुणाचा डेटा असला तर तोही उपकरणाला दिसतो. म्हणून पुढे इंटेलच्या आयओएमएमयू कोडमध्ये अविश्वासू उपकरणांसाठी वेगळा मार्ग आला: अर्धवट पान असेल तर मजकूर आधी वेगळ्या पानावर उतरवायचा आणि तेवढंच पान पुढे करायचं. या उतरवण्यात वेळ जातो. सेकंदाला ४० गिगाबिटचा आकडा खोक्यावर छापून विकलेल्या केबलमागे कर्नल हाताने नकला उतरवत बसतो. असा बदल माझ्यापुढे रिव्ह्यूला आला असता, तर वेग किती घटला हे न विचारता मी होकार दिला असता का? बहुतेक नाही. आधी आकडेच मागितले असते.